जॅकी मिटू यांचा ‘द कीबोर्ड किंग अ‍ॅट स्टुडिओ वन’: पेटीवर प्रेम करणाऱ्यांनी ऐकावा असा संग्रह

गोविंदराव टेंबे यांनी साथीच्या पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पुढे ‘मानापमान’च्या चाली बांधल्या, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. साथीदारात दडलेला रचनाकार ओळखण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना जमैकाचे कीबोर्डवादक जॅकी मिटू यांचा २००० साली निघालेला हा संग्रह परका वाटणार नाही.

१९४८ साली जन्मलेले मिटू आजीकडे पियानो शिकले आणि १९६४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ‘स्कॅटलाइट्स’ या विख्यात वाद्यवृंदाच्या स्थापनेत सहभागी झाले. हा वाद्यवृंद ‘स्का’ हा जमैकन संगीतप्रकार वाजवीत असे. स्कामध्ये गिटार आणि पियानोचे आघात ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मध्ये पडतात. केरव्याच्या आठ मात्रा मोजत ऐकल्यास दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेवरचा तो जोर लगेच हाती लागतो. १९६५ मध्ये हा वाद्यवृंद फुटला आणि मिटू किंग्स्टनच्या ‘स्टुडिओ वन’ या ध्वनिमुद्रण स्टुडिओत निर्माते क्लेमंट डॉड यांच्याकडे संगीताची सूत्रे सांभाळू लागले. संग्रहात मुख्यत्वे याच काळातील काम आहे.

‘ड्रम साँग’ ही यातील माझ्या मते सर्वोत्तम रचना आहे. संथ तालावर ऑर्गनची सुरावट येते, थांबते, बासला (खर्जातल्या गिटारला) बोलू देते आणि मगच पुढे सरकते. बोटांची चपळाई दाखविण्याचा मोह मिटू यांना एकदाही होत नाही. ‘हॉट मिल्क’ आणि ‘रॅम जॅम’ अधिक खेळकर आहेत, मात्र सगळा संग्रह सलग ऐकला तर उत्तरार्धात ऑर्गनचा एकच पोत थोडा थकवतो.

माझी खरी तक्रार निवडीबद्दल आहे. स्काचे आरंभीचे दिवस यात जवळजवळ नाहीत, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस टोरांटोला गेल्यानंतर तंतुवाद्यांच्या साजासह केलेला १९७१ च्या ‘विशबोन’ या अल्बमचा वेगळ्या वळणाचा टप्पाही नाही, त्यामुळे १९९० मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी संपलेल्या या कारकिर्दीचे पूर्ण चित्र उभे राहत नाही. मिटू ज्यात वाजवत त्या ‘साउंड डायमेन्शन’ या स्टुडिओ वनच्या वाद्यवृंदाच्या ‘रिअल रॉक’ या वाद्यरचनेवर पुढे कितीतरी गायकांनी आपली गाणी बसविली. विली विल्यम्स यांचे ‘आर्मागिडियन टाइम’ हे त्यातले गाजलेले उदाहरण. चाल घरोघरी पोहोचावी आणि ती घडविणारे हात अनोळखी राहावेत, याची मला मनापासून खंत वाटते.

तरीही हा संग्रह अवश्य घ्यावा. विशेषतः गणेशोत्सवात बेंजो पार्ट्यांतून कीबोर्ड वाजविणाऱ्या आपल्या तरुणांनी तो ऐकावा, ‘ड्रम साँग’पासून सुरुवात करावी आणि बासचा आवाज नीट उमटेल अशा स्पीकरवरच ऐकावा, कारण मोबाइलच्या स्पीकरवर यातील निम्मे संगीत ऐकूच येत नाही.