मॅडन २००५ की २के५? जुन्या यंत्रावरची निवड

ज्यांचा प्लेस्टेशन २ किंवा पहिला एक्सबॉक्स अजून चालू आहे आणि ज्यांना दरवर्षी नवी आवृत्ती न घेता अमेरिकन फुटबॉल खेळायचा आहे, त्यांची निवड बहुधा २००४ सालच्या दोन गेमपाशी येऊन अडते: ‘मॅडन एनएफएल २००५’ आणि ‘ईएसपीएन एनएफएल २के५’. समीक्षकांच्या गुणांचा येथे फारसा उपयोग नाही, कारण समीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर दोन्ही गेम नव्वदीच्या आसपास आहेत.

खेळणाऱ्यांचा कौल २के५ कडे झुकलेला दिसतो. हौशी मंडळी त्यात अजूनही नव्या हंगामांचे संघ भरत असतात. तरीही हा कौल थोडा जपूनच वाचावा. २के५ जुलैमध्ये सुमारे २० डॉलरला आला, तर ऑगस्टमध्ये आलेल्या मॅडनची किंमत ५० डॉलर होती आणि तीही त्याच हंगामात ३० वर आणावी लागली. डिसेंबरमध्ये एनएफएलचे (अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे) अनन्य हक्क मॅडनच्या निर्मात्यांकडे गेल्याने २के५ ला एनएफएलची पुढची आवृत्ती लाभलीच नाही, त्यामुळे त्याच्या कौतुकात हळहळीचाही वाटा असावा. उलट, २०२० च्या मॅडन २१ ला समीक्षकांनी साठीतले गुण दिले असताना खेळणाऱ्यांनी त्याला दहापैकी एकही पुरता मिळू दिला नाही; तो कौल गेमच्या गुणांपेक्षा फ्रँचायझी मोडकडे, म्हणजे एकच संघ अनेक हंगाम चालवण्याच्या सोयीकडे, झालेल्या दुर्लक्षाचा निषेध अधिक होता.

प्रत्यक्ष खेळात मॅडनमधील बचावाचा खेळ मला सरस वाटतो. कंट्रोलरच्या उजव्या काडीने जोरदार टक्कर देण्याची ‘हिट स्टिक’ याच आवृत्तीत आली, आणि दोघे मित्र शेजारी बसून खेळणार असतील तर तिची मजा २के५ मध्ये तितकी नाही. शिवाय २के५ मधील खेळाडूच्या डोळ्यांतून खेळण्याची सोय आणि सजवायचे घर यांकडे मी फारसा फिरकलो नाही, तर फ्रँचायझीतील आठवड्याची तयारी मला कंटाळवाणीच वाटली.

माझा निर्णय मात्र समालोचनाने केला. मॅडनमध्ये समालोचक अल मायकल्स आणि ज्यांचे नाव गेमला आहे ते स्वतः जॉन मॅडन बोलतात, आवाज अस्सल आहेत, परंतु हंगाम जरा पुढे सरकला की तीच वाक्ये पुन्हा ऐकू येऊ लागतात. अटीतटीच्या चौथ्या डाउनलाही (चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या संधीलाही) पहिल्या क्वार्टरमधलाच उपदेश कानी पडतो, आणि आपला सामना कोणी पाहतच नाही असे वाटत राहते. आवाज बंद करून पाहिला, तर मैदान ओकेबोके झाले. पुनरुक्ती २के५ मध्येही आहे, हे मान्य करायला हवे. पण तेथे मध्यंतराला ईएसपीएन वाहिनीचा निवेदक ख्रिस बर्मन आपल्याच सामन्यातील क्षण दाखवून त्यांवर बोलतो, आणि माझ्या फसलेल्या पासची तेवढी दखलही मला हंगाम पूर्ण करण्यास पुरेशी ठरली.

एकट्याने लांब हंगाम खेळणाऱ्याने २के५ घ्यावा, आणि दोन्ही यंत्रे हाताशी असतील तर एक्सबॉक्सची प्रत शोधावी, कारण तिच्यातील चित्र अधिक रेखीव आहे. ज्यांच्या घरी शनिवारी मित्र जमतात, त्यांनी मॅडनचा विचार जरूर करावा. समालोचन तसेही तेव्हा कोणाला ऐकू येत नाही.