निमाडच्या गव्हात अल्पाका

आधी आकडे लिहून टाकते, नाहीतर नंतर लाज वाटून कमी सांगेन. १७,२५० अधिक ५,००० अधिक ४,२५० अधिक ४,९९९. एकूण ३१,४९९ रुपये, कधी झालाच नाही अशा एका महोत्सवाच्या नावाने फसून गेलेले. शिवाय टॅक्सीचे ४,२०० वेगळे, पण ते बिचाऱ्या ड्रायव्हरने खरोखर कमावले होते.

आणि हो, मी अठ्ठावीस वर्षं बँकेत कॅश आणि क्लिअरिंगला होते. हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्या. घरी हसून झालंय.

आम्ही इंदूरच्या पाच जणी. दर बुधवारी दुपारी कुणाच्यातरी घरी विणकामाची बैठक असते: जाऊबाई, शेजारच्या वहिनी, माझ्याबरोबर निवृत्त झालेली बँकेतली मैत्रीण, तिची धाकटी बहीण आणि मी. सुया, क्रोशा, अलीकडे सूत कातायची तकलीसुद्धा. जाऊबाईंची लेक न्यू जर्सीला आहे. ती दर ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेकला लोकरीच्या जत्रेला जाते. मेंढ्या, अल्पाका नावाची लोकरीची जनावरं, चरखे, हाताने रंगवलेल्या लडी असे फोटो पाठवते. जवळच तंबू ठोकून मैत्रिणींबरोबर राहते. तीन वर्षं आम्ही ते फोटो बघून उसासे टाकतोय. ‘आपल्याकडे असं काही नसतंच,’ हे वाक्य तर बुधवारच्या चहाबरोबर ठरलेलं.

म्हणून डिसेंबरात मोबाईलवर ‘नर्मदाकाठी धागा महोत्सव, महेश्वर, १७ व १८ जानेवारी, तंबूत मुक्काम’ अशी जाहिरात दिसली तेव्हा आम्ही जाहिरात वाचलीच नाही, तीन वर्षांचे उसासे वाचले. नीळ, मंजिष्ठ आणि हिरड्याचा रंग शिकवणार, रात्री शेकोटी, सकाळी घाटावर सूतकताई, विणकरांच्या घरी जाऊन माग बघायचा. माणशी ३,४५० रुपये, दोन जेवणं आणि नाश्ता धरून. जागाही कशी अगदी पटणारी! अहिल्याबाईंनी राजधानी तिथे नेली, विणकर वसवले. तिथली महेश्वरी साडी म्हणजे उभं रेशीम, आडवं सूत, दोन्ही बाजूंनी वापरता येणारा काठ, आणि त्या काठावरची नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून उचललेली. हे सगळं जाहिरातीत बरोबर लिहिलं होतं. चोराने अभ्यास केला होता. आमच्याहून जास्त.

फक्त फोटोत अल्पाका होता. पांढरं लाकडी कुंपण, मागे लाल कोठार, हिरवंगार गवत आणि मान उंच करून उभा अल्पाका. आता मला सांगा, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंडीत राहणारं जनावर महेश्वरजवळ, मंडलेश्वरच्या रस्त्याला काय करत असेल? मे महिन्यात तिथे, निमाडात, काय तापतं ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको. वहिनी म्हणाल्याही, ‘अगं, हा उंट आहे का?’ मी म्हटलं, ‘वहिनी, शोभेचा फोटो असतो तो.’ हे मी म्हटलं. मीच.

पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण बँकेतली ना मी. चौघींनी मला पाठवले, मी पुढे. २८ डिसेंबरला १७,२५०. पैसे टाकताना क्यूआर स्कॅन केला, आणि इथे थांबते जरा, कारण रात्री झोप मोडते ती इथे. स्क्रीनवर नाव आलं ते महोत्सवाचं नव्हतं. संस्थेचं नव्हतं. कुठल्यातरी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं होतं. मी ते वाचलं. वाचून अर्धं मिनिट थांबले. आणि मनात म्हटलं, असेल, छोटे लोक असतात, मुलाच्या नाहीतर मेव्हण्याच्या खात्यात घेतात.

अठ्ठावीस वर्षं मी चेकवरचं नाव वाचलंय. नावात एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर चेक परत केलाय, समोरच्याने कितीही आरडाओरडा केला तरी. एकदा एका गृहस्थाचा लग्नाचा चेक परत केला होता, हॉलवाल्याच्या नावात ‘आणि सन्स’ राहिलं म्हणून. आणि आपल्या पैशाच्या वेळी मेव्हण्याचं खातं! तेवढं अर्धं मिनिट कुणी मला परत दिलं तर ३१,४९९ मी हसत सोडीन.

पैसे टाकण्याआधी दिसणारं नाव मोठ्याने वाचा. मनात नाही, मोठ्याने, बाजूला माणूस असेल तर त्याला ऐकू जाईल असं. आपल्याच आवाजात ऐकलं की कळतं.

५ जानेवारीला तंबूची अनामत आली, माणशी १,०००, परत मिळणारी. ११ जानेवारीला कार्यशाळेचं साहित्य, माणशी ८५०: तकली, शंभर ग्रॅम लोकर, रंगाच्या पुड्या. दरवेळी रक्कम आधीपेक्षा लहान. हे लक्षात ठेवा. मोठी रक्कम आधी घेतात, मग लहान लहान मागतात, आणि आपण म्हणतो, एवढे दिलेत तर आता एवढ्यासाठी काय अडायचं. पावत्याही आल्या, छान, वर मागाचं चित्र. जीएसटी क्रमांक छापलेला होता. सरकारी पोर्टलवर तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं, मला माहीत आहे, मी कर्जाच्या फायलींमध्ये शंभरदा बघितलंय. टाकला नाही. संक्रांत होती, तिळाच्या लाडवांचा पाक चढवलेला होता. हे कारण नाही हे मलाही कळतं.

१७ तारखेला पहाटे सहाला निघालो. पोहे खाल्ले, महू, मानपूर, घाट उतरून गुजरी, धामनोद. वहिनी गात होत्या. पाच जणींच्या पाच पिशव्या, त्यात सुया, दोन चटया, एक थर्मास आणि तिळगुळाचा डबा, कारण नव्या लोकांना भेटणार होतो ना. पाठवलेल्या ठिकाणावर गाडी वळवली. डांबरी संपलं, कच्चा रस्ता संपला आणि समोर गहू. पोटरीएवढा, हिरवा, दहिवराने ओला. पाणी देणारा एक म्हातारा फावडं टेकवून आमच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

‘तंबू-वंबू कुछ नहीं है बाई. आप आज की तीसरी गाड़ी हो.’

कुणी काही बोलेना. जाऊबाईंनी डबा उघडला आणि त्याला तिळगूळ दिला. का, ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्याने फावडं बगलेत धरून, ओले हात धोतराला पुसून दोन्ही हातांनी घेतला.

मी फोन लावला. उचलला! हेच तर. मला वाटलं होतं बंद असेल, आणि बंद असता तर ४,९९९ वाचले असते. फार आदबशीर आवाज. ‘मॅडम, परवानगी रद्द झाली, आम्ही सगळ्यांना परत करतोय, आपलं नाव यादीत चौथं आहे.’ फक्त खातं पडताळायला ४,९९९ रुपये पाठवायचे, ते धरून सगळे ३१,४९९ एकदम परत येणार, दहा मिनिटांत. मला माहीत होतं. मी शपथेवर सांगते, मला माहीत होतं की पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. बँकेतल्या शेवटच्या दोन वर्षांत मी पेन्शनर लोकांना दर महिन्याला हेच सांगायची: पिन फक्त पैसे जाताना लागतो, येताना नाही. पण चार बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यांचे पैसे माझ्या हातून गेले होते, आणि तो माणूस म्हणत होता, दहा मिनिटांत परत. मी पाठ फिरवली आणि पिन टाकला. माझ्या जागी तुम्ही उभे नव्हता, एवढंच म्हणते.

दुसऱ्यांदा फोन बंद.

मग महेश्वरला गेलो, कारण परत कुठल्या तोंडाने जायचं. घाटावर बसलो. एका विणकराच्या घरी खटखट ऐकू आली म्हणून डोकावलो, त्यांनी आत बोलावलं, तासभर माग दाखवला, चहा दिला, एक पैसा मागितला नाही. मी सवयीने उरलेला धागा मागून जाळून बघितला. केस जळल्यासारखा वास, राख चिमटीत चुरगळली. अस्सल रेशीम. कृत्रिम असता तर वितळून टणक मणी झाला असता. विणकर हसून म्हणाले, ‘पारखी हो आप.’ माझी मैत्रीण खिडकीबाहेर बघायला लागली.

आता माझी सगळ्यात मोठी चूक, जी तुम्ही करू नका: मी १९३० ला सोमवारी फोन केला. रविवारी सगळं बंद असेल असं समजून. तो सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, तिथे वाराची वाट बघायची नसते. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला, पण म्हणाली, ‘मॅडम, शनीवार को ही कर देना था.’ पैसे पुढच्या खात्यात, तिथून त्याच्या पुढच्या खात्यात. पुढे कळलं की साखळीतल्या एका खात्यात ६१२ रुपये अडवलेत. सहाशे बारा. तेही सोडवायचे तर कोर्टाचा आदेश आणा, असं मला तेव्हा सांगितलं. वकिलाच्या पायरीला ६१२ पेक्षा जास्त लागतात.

आणि मग ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी: ‘घटना वहाँ की है, वहीं जाइए.’ शेताजवळच्या ठाण्याला फोन केला, तर ‘पैसा तो इंदौर से गया, वहीं लिखवाइए.’ मग म्हणे सायबरवाल्यांकडे जा, तिथे म्हणे रक्कम लहान आहे, ठाण्यातच करा. लहान! चौथ्या दिवशी मी स्टेटमेंटच्या प्रती घेऊन बसले, तर एकाने अर्ज वाचता वाचता वर बघून विचारलं, ‘मैडम, आप तो बैंक में थीं ना?’ आणि शेजारच्याला अर्ज दाखवला. दोघं हसले. मला सांगा, घरात चोरी झाली तर कुणी विचारतं का, की तुम्ही कुलूप विकायचा ना? बाकावर एक आजोबा होते, त्यांचे दोन लाख गेले होते, तेही चौथी फेरी मारत होते. त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. पंखा फक्त टेबलावर.

पाचव्या फेरीला भाचा आला, तो वकिली शिकतो. त्याने शांतपणे सांगितलं की १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची. ईमेलनेही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. त्यानंतर अचानक साहेब बंदोबस्तावरून आले. म्हणजे कायदा त्यांना माहीत होता. तुम्हाला माहीत आहे की नाही, एवढंच बघत होते. जाताना कलम कागदावर लिहून न्या.

बँकेचं तर बोलूच नका. माझी जुनी बँक नव्हे, पण वागणं तेच. ‘पिन आपने ही डाला है.’ आपल्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले तर ग्राहकावर किती जबाबदारी, याबद्दलचं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी स्वतः शाखेच्या फाईलला लावलेलं. आपण स्वतः पैसे पाठवले असतील तर ते उपयोगी पडत नाही हे मला बँकेतल्या त्या पोरापेक्षा आधीपासून ठाऊक आहे. पण समोरच्या खात्यावर लगेच कळवायला काय होतं? तर म्हणे मेल करा. मेलला उत्तर आलं: आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.

चौघींचे पैसे मी परत करतेय. तिघींनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही, महिन्याला हप्ता बांधलाय. जाऊबाईंनी घेतले, मोजून घेतले. बरोबरच आहे त्यांचं. नवऱ्याला आधी फक्त १७,२५० सांगितले होते, उरलेले आता हे वाचून कळतील.

काल मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीने एक जाहिरात पाठवली. पांढरं कुंपण, लाल कोठार, तोच अल्पाका. नाव वेगळं, ठिकाण मांडू. माणशी ३,९५० रुपये. मेल्यांनी भावही वाढवलाय.