ॲव्हरेज पडलं: आधी प्लग की व्हॅक्यूम गेज?

सत्तरच्या दशकातली, क्वाड्राजेट कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) शेव्हरोले सी-१० पिकअप पेट्रोल पिऊ लागली की स्पार्क प्लग पाहणं सगळ्यात स्वस्त. मात्र गाडी १५-२० किलोमीटर एकसारखी पळवून लगेच इंजिन बंद करा आणि मगच प्लग काढा. आयडलवर (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू) राहिली तर चांगला प्लगही काळवंडतो. टोक तपकिरी असेल तर ठीक. बोटाला लागणारी कोरडी काजळी म्हणजे मिश्रण रिच, त्यात पेट्रोल जास्त: कदाचित चोकची (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी) पाती पुरती उघडत नाही किंवा फ्लोट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) पेट्रोल शोषून जड झालाय. ओला, तेलकट थर असेल तर इंजिन ऑइल जळतंय.

पण नेमकं रिच का, हे प्लग सांगत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची ओढ (व्हॅक्यूम) मोजणारा काटा, मॅनिफोल्डला (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्यांना) जोडा. गरम इंजिन आयडलवर असताना समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दिसायला हवेत, काटा स्थिर. १४-१५ वर स्थिर असेल तर बहुधा टायमिंग मागे आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. लयीत झटके खात असेल तर दोष व्हॉल्व्हचा. गंमत अशी, की व्हॅक्यूम कमी पडला तर कार्ब्युरेटरमधली स्प्रिंग पॉवर पिस्टन वर ढकलते, त्याला लावलेले मीटरिंग रॉड (पेट्रोलची वाट अरुंद ठेवणाऱ्या सळ्या) उचलले जातात आणि साध्या चालीतही जादा पेट्रोल जातं. प्लग काळा दिसतो, लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात आणि दोष निघतो ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या सेटिंगमध्ये!

म्हणून आधी गेज. अपवाद एकच: एअर फिल्टर काढल्यावर आयडलवर आत पेट्रोल टपकताना दिसलं, तर थेट फ्लोट आणि नीडल (फ्लोटमुळे पेट्रोल बंद करणारी सुई) बघा.