ओपनडब्ल्यूआरटी २३.०५ वर मल्टिकास्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या प्रशिक्षण संस्थेत चौदा वर्गखोल्या आहेत आणि तळमजल्यावरच्या चित्रीकरण कक्षात चालणारे व्याख्यान त्या सर्व खोल्यांतल्या पडद्यांवर एकाच वेळी दिसावे, अशी व्यवस्था आहे. एन्कोडरमधून, म्हणजे चित्र-ध्वनीचे डिजिटल प्रवाहात रूपांतर करणाऱ्या यंत्रातून, निघणारा प्रवाह साधारण ६ एमबीपीएसचा असतो. प्रत्येक पडद्याला तो स्वतंत्र पाठवायचा म्हटले तर एन्कोडरच्या १०० एमबीपीएसच्या पोर्टवर ८४ एमबीपीएसचा भार पडेल. मल्टिकास्टने, म्हणजे एका सामाईक गटाच्या पत्त्यावर, पाठवला, तर पडदे कितीही असोत, एन्कोडरमधून एकच प्रत बाहेर पडते आणि जिथे वाट फुटते तिथे पुढच्या प्रती राउटर आणि स्विच तयार करतात. या व्यवस्थेची देखभाल माझ्याकडे आहे. राउटरवरच्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीची आवृत्ती बदलल्यानंतर ती पूर्ववत करण्यात माझे नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांचा आणि नंतरच्या आठ महिन्यांचा हा अनुभव आहे.

मांडणी अगदी साधी आहे. एकाच जाळ्याचे व्हीलॅन नावाचे आभासी विभाग केले आहेत : एन्कोडर व्हीलॅन ३० मध्ये, वर्गखोल्या व्हीलॅन २० मध्ये आणि प्रवाहाचा गट २३९.१०.१०.१. (२३९ ने सुरू होणारे पत्ते संस्थेच्या अंतर्गत वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे बाहेरच्या कोणाशी टक्कर होण्याचा प्रश्न येत नाही.) दोन व्हीलॅनच्या मध्ये एमटी७६२१ चिपचा एक छोटा राउटर आहे आणि त्यावर एसएमसीराउट हा प्रोग्रॅम ‘या इंटरफेसवरून आलेला हा गट त्या इंटरफेसवर पाठव’ एवढीच स्थिर नोंद कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, देतो. स्रोत एक आणि वाटही एकच असताना पिमसारखा, वाटा आपोआप ठरवणारा गतिमान प्रोटोकॉल बसवणे मला आजही अनावश्यक वाटते.

राउटरवर आधी १९.०७ ही आवृत्ती होती. तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे बंद झाले होते, म्हणून मी थेट २३.०५ वर गेलो. मधल्या २१.०२ आवृत्तीपासून या चिपसाठी स्विच हाताळण्याची जुनी पद्धत जाऊन डीएसए ही प्रत्येक पोर्ट स्वतंत्र इंटरफेस म्हणून दाखवणारी पद्धत आली आहे आणि जुनी मांडणी नव्या पद्धतीत आपोआप रूपांतरित होत नाही. अपग्रेड करणारी आज्ञा तसे स्पष्ट सांगून थांबतेही. मी जुन्या फायलींची प्रत काढून ठेवली, राउटर कोरा करून नवी आवृत्ती चढवली आणि मांडणी हाताने पुन्हा लिहिली. पुढे जे घडले त्याचा दोष मी सॉफ्टवेअरला देणार नाही, कारण जवळजवळ प्रत्येक गोष्ट प्रकाशन-टिपणांत लिहिलेली होती आणि मी ती घाईघाईने चाळली होती.

पहिल्या दिवशी एकाही पडद्यावर चित्र आले नाही. याचे कारण तासाभरात सापडले. पूर्वी प्रत्येक व्हीलॅनसाठी मी वेगळा ब्रिज (पोर्ट एकत्र जोडणारा आभासी स्विच) केला होता आणि एसएमसीराउटच्या फाइलमध्ये त्याच ब्रिजांची नावे होती. नव्या पद्धतीत एकच ब्रिज आणि त्यावर बीआर-लॅन.२०, बीआर-लॅन.३० असे इंटरफेस. फाइल मी जशीच्या तशी परत ठेवली होती. सेवा चालू दिसत होती, तक्रार होती ती केवळ लॉगमध्ये, आणि लॉग मी सर्वांत शेवटी उघडला.

नावे सुधारल्यावर मात्र मी खरा गोंधळात पडलो. ‘आयपी एमरूट’ या आज्ञेत नोंद व्यवस्थित दिसत होती : स्रोत बरोबर, गट बरोबर, आत येणारा आणि बाहेर जाणारा इंटरफेस बरोबर. आकडेवारी मागितली की पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, संख्याही सेकंदागणिक वाढताना दिसे. पडदे तरीही काळेच. संख्या वाढते आहे त्या अर्थी राउटर पॅकेट पुढे पाठवतो आहे, असे गृहीत धरून मी दोन दिवस स्विच आणि केबल तपासत बसलो. हे गृहीतकच चुकीचे होते. लिनक्स कर्नल तो आकडा पॅकेट हाती घेताच वाढवतो. ते बाहेर सोडायचे की नाही याची तपासणी त्यानंतर होते. त्या तपासणीत पॅकेटचा टीटीएल (ते किती राउटर ओलांडू शकते याचा आकडा) बाहेरच्या इंटरफेसला ठरवून दिलेल्या उंबरठ्यापेक्षा जास्त असावा लागतो. आमचा एन्कोडर टीटीएल १ ठेवून पॅकेट सोडतो आणि उंबरठाही १ होता. एक हा एकापेक्षा मोठा नसल्यामुळे प्रत्येक पॅकेट मोजले जात होते आणि लगेच टाकून दिले जात होते. दोन्ही इंटरफेसवर एकाच वेळी टीसीपीडम्प हे पॅकेटे दाखवणारे साधन लावले तेव्हा हे उघड झाले. एकीकडे प्रवाह धो धो येतो आहे, प्रत्येक ओळीत टीटीएल १ असे छापले जाते आहे, आणि दुसरीकडे शुकशुकाट.

मग हे पूर्वी चालत कसे होते? १९.०७ मध्ये टीटीएल वाढवणारा आयपीटेबल्स या जुन्या फायरवॉल साधनाचा एक नियम मी फायरवॉल.यूजर या फाइलमध्ये कधीतरी लिहून ठेवला होता आणि पुरता विसरलो होतो. २२.०३ पासून फायरवॉल एनएफटेबल्स या नव्या साधनावर गेली. ती फाइल मुद्दाम सुसंगत म्हणून घोषित केल्याशिवाय आता वाचलीच जात नाही. मी तोच नियम नव्या भाषेत लिहून एनएफटेबल्स.डी या फोल्डरमध्ये ठेवला आणि चित्र आले. पुढे महिन्याभराने एन्कोडरच्या सेटिंगच्या दुसऱ्या पानावर टीटीएलचा रकाना सापडला. त्यात ८ भरले आणि नियम काढून टाकला. चार वर्षे मी जे राउटरवर करत होतो ते एन्कोडरमध्ये एका रकान्याचे काम होते, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

चित्र आले, पण टिकेना. प्रत्येक खोलीत साधारण सव्वाचार मिनिटांनी ते गोठत असे आणि रिमोटने वाहिनी बदलून परत आले की पुन्हा तेवढाच वेळ चाले. अपवाद फक्त तळमजल्यावरच्या सभागृहाचा. तिथला पडदा थेट राउटरला जोडलेला असून बाकीचे तेरा एका मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचमागे आहेत. घड्याळ लावून मोजले तेव्हा काळ २६० सेकंदांच्या आसपास भरत होता. आयजीएमपीची, म्हणजे मल्टिकास्ट गटाचे सदस्यत्व कळवण्याच्या प्रोटोकॉलची, गणिते ज्याने एकदा केली आहेत त्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. गटात कोण आहे, ही विचारणा ठरावीक मूल्यांनुसार दर १२५ सेकंदांनी होते आणि उत्तराला १० सेकंदांची मुदत असते; दोन विचारणांचा काळ आणि ही मुदत मिळून २६० सेकंदांत कोणाचेच उत्तर आले नाही, तर सदस्यत्व संपले असे मानले जाते. पडदा सुरू होताना आपण होऊन ‘मला हा गट हवा’ असे कळवतो, म्हणून आरंभी चित्र मिळते. नंतर त्याला कोणी विचारतच नसेल तर तो पुन्हा सांगणार नाही आणि आयजीएमपी स्नूपिंग करणारा, म्हणजे हे निरोप ऐकून गट हवा असलेल्या पोर्टवरच तो पाठवणारा, स्विच त्याचे नाव वहीतून खोडून टाकतो. व्हीलॅन २० वर मी अर्धा तास आयजीएमपीची पॅकेटे पाहत बसलो. पडद्यांच्या नोंदी येत होत्या, विचारणा एकही नव्हती.

विचारणा करणारा, म्हणजे क्वेरिअर, पूर्वी राउटरच होता. वर्गखोल्यांच्या वेगळ्या ब्रिजवर क्वेरिअर चालू करणारी एक ओळ मी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घातली होती. राउटर कोरा करताना ती गेली. तीच ओळ नव्या सामाईक ब्रिजसाठी लिहून पाहिली, तर त्याच्या विचारणा व्हीलॅनच्या टॅगशिवाय, म्हणजे विभाग ओळखणाऱ्या खुणेशिवाय, बाहेर पडू लागल्या. स्विचकडे जाणारी वाट टॅग असलेलीच पॅकेटे स्वीकारते, त्यामुळे त्या व्हीलॅन २० मध्ये पोचल्याच नाहीत. २३.०५ मधल्या ५.१५ कर्नलमध्ये व्हीलॅननिहाय क्वेरिअरची सोय आली आहे. परंतु ती हाताने लावून प्रत्येक बूटनंतर टिकवत बसण्यापेक्षा मी स्विचच्याच मेनूतला क्वेरिअर चालू केला आणि त्याला १९२.१६८.२०.२ हा पत्ता दिला. पुढे कधी दुसरा क्वेरिअर आलाच, तर दोघांपैकी ज्याचा पत्ता लहान तो हे काम घेतो, हे ध्यानात ठेवावे.

त्याआधी एक दिवस मी सोपा मार्ग म्हणून स्नूपिंगच बंद करून पाहिले होते. चित्र अखंड चालले, पण प्रवाह त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर पसरला. जिन्याजवळचे १० एमबीपीएसचे हजेरी यंत्र त्या ओझ्याखाली इतके मंदावले की सकाळी बोट टेकवण्यासाठी रांग लागली आणि कार्यालयातून मला फोन आला.

वायफायवरच्या टॅब्लेटचा नाद मी सोडून दिला. मल्टिकास्ट तिथे सर्वांत कमी मूळ वेगाने आणि पोचपावतीविना जाते. ६ एमबीपीएसच्या चित्राला ते झेपत नाही, आणि प्रत्येकासाठी युनिकास्ट, म्हणजे स्वतंत्र, प्रती करायच्या तर मूळ हेतूच उरत नाही.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत व्यत्यय आला तो एकदाच, पावसाळ्यात वीज जाऊन परत आल्यावर. बीआर-लॅन.२० उभा राहण्याआधीच एसएमसीराउट सुरू झाला आणि त्याला इंटरफेस सापडला नाही. आता इंटरफेस वर आला की सेवा पुन्हा सुरू करणारी चार ओळींची हॉटप्लग स्क्रिप्ट आहे. त्याखेरीज प्रवाह तुटलेला नाही, दिवसभर व्याख्याने चालू असतानाही राउटरचा प्रोसेसर दमल्याचे दिसले नाही, आणि मांडणीच्या फायली १९.०७ पेक्षा मला अधिक सुबोध वाटतात. कोणते पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे हे आता वाचताक्षणी कळते. पूर्वी त्यासाठी स्विचच्या पोर्टांचे क्रमांक आणि राउटरच्या पाठीवर छापलेले क्रमांक यांची सांगड कागदावर घालावी लागे.

मला अजून खटकते ती एकच गोष्ट. लुसी या ओपनडब्ल्यूआरटीच्या वेब-व्यवस्थापनाच्या मूळ पानांवर मल्टिकास्टच्या नोंदी आणि गटांचे सदस्य एकत्र दाखवणारे पान नाही, त्यामुळे माझ्या अनुपस्थितीत वर्ग सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला आज्ञावलीतच शिरावे लागते. त्याच्यासाठी मी रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. चित्र मुळीच नसेल तर आधी लॉग आणि मग दोन्ही इंटरफेसवर टीसीपीडम्प. चित्र येऊन चार मिनिटांनी जात असेल तर राउटरला हात न लावता स्विचमधला क्वेरिअर पाहावा. गेल्या महिन्यात कोणीतरी स्विच मूळ सेटिंगवर नेला, तेव्हा मी गावी होतो. सहकाऱ्याने कागद वाचून दहा मिनिटांत वर्ग सुरू केला आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळले.