नफ्यातले पाच टक्के

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतेच. वडसा गावच्या नाटक कंपनीचे नाटक बुक करायचे, शामियाना, तिकिटे, सगळे आमच्या मंडळात मी १२ वर्षे पाहतो आहे. नाटक रंगात असताना रात्री अडीचच्या सुमारास तिकिटांचा डबा सतरंजीवर उपडा होतो, चौघे बसून नोटा मोजतात आणि उजाडायच्या आत कंपनीचे पैसे कंपनीच्या हातात पडतात. यामुळे मला वाटायचे, आपल्याला या धंद्यातला हिशोब कळतो. त्याच समजुतीने माझे साडेतीन लाख गेले.

२०२२ च्या धानकापणीनंतर नागपूरचा एक निर्माता गावात आला. आमच्या ओळखीच्या एका नाटकवाल्या कलाकारासोबत आला होता, म्हणून घरात घेतला. झाडीपट्टीवर मराठी सिनेमा करतो म्हणाला. बजेट ६० लाख. "काका, ३ लाख द्या, नफ्यात पाच टक्के तुमचे. सिनेमा पडला तरी शासनाचे ४० लाख अनुदान पक्के आहे." साठातले तीन म्हणजे पाच टक्के, हिशोब चोख वाटला. बायको एवढेच म्हणाली, "पैशे कोनाच्या खात्यात टाकून रायले, ते तं पाहा." मी पाहिले नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडली आणि पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात गेले, सिनेमाच्या कंपनीच्या नाही. १०० रुपयांच्या स्टँपवर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला. करारातला मजकूर खरा की खोटा हे तपासणे नोटरीचे काम नसते, हे मला नंतर कळले.

अनुदानाचे आधी सांगतो, कारण त्याच शब्दावर माणसे पाघळतात. महाराष्ट्र शासन मराठी सिनेमाला अनुदान देते हे खरे आहे. तेव्हा 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख होते. पण सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळाल्यावर निर्माता अर्ज करतो, मग समिती सिनेमा पाहून गुण देते. गुण कमी पडले तर काहीच नाही. शूटिंगच्या आधी ते कोणालाही 'पक्के' म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट 'निव्वळ नफा'. करारात शब्द होता, पण त्यातून काय काय वजा होणार हे कुठेच लिहिले नव्हते. १५० रुपयांचे तिकीट घ्या. १८ टक्के जीएसटी गेला की १२७ उरतात. पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे थिएटरचे, उरले ६३. वितरकाचे कमिशन दहा टक्के धरले तरी ५७. डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे वेगळेच. मग वितरक आपला जाहिरातीचा खर्च आधी काढून घेतो आणि त्यानंतर निर्मात्याच्या हाती काही लागते. ६० लाखांचा सिनेमा आणि १५ लाखांची पब्लिसिटी नुसती वसूल व्हायला सुमारे १ लाख ३१ हजार माणसांनी तिकीट काढावे लागते. माझे पाच टक्के त्याच्या पुढे सुरू होणार होते. हे गणित मी सही करायच्या आधी कागदावर मांडले असते तर पाच मिनिटे लागली असती.

शूटिंग १९ दिवस चालले, दोन घरांत आणि वैनगंगेच्या काठावर. वर्षभराने फोन आला, "काका, थिएटर लावायचे आहेत, आणखी ५० हजार लागतील, नाहीतर सिनेमा डब्यात जाईल." आधीचे बुडू नयेत म्हणून तेही दिले. अशा वेळी माणूस असाच विचार करतो, आणि मागणाऱ्याला ते ठाऊक असते.

सिनेमा नागपूरला एका मल्टिप्लेक्समध्ये लागला, सकाळी पावणेदहाचा एकच शो. आम्ही पाच जण गावाहून गाडी करून गेलो. हॉलमध्ये आम्हाला धरून ११ माणसे होती. पडद्यावर 'सहनिर्माते' अशी पाटी आली, त्यात माझे नाव दिसले तेव्हा पुतण्याने हौसेने मोबाइलवर फोटो काढला. सोमवारी सिनेमा उतरला. पुढे निर्मात्याने वितरकाच्या खर्चाचा एक कागद पाठवला, तोटाच तोटा. मी नशिबाला दोष देऊन गप्प बसलो होतो.

एका रात्री पुतण्याने तोच फोटो मोठा करून दाखवला. "काका, हे पाहा, नावं किती हायेत." मोजली. १७ होती.

ती माणसे शोधायला चार महिने लागले. ब्रह्मपुरी, आरमोरी, साकोली, पवनी अशी पसरलेली, कोणी शिक्षक, कोणी किराणावाला, एक राइस मिलवाला. वडशाला एका चहाच्या टपरीवर आम्ही १३ जण जमलो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे प्रत्येकाने आपापले टक्के लिहिले. माझे पाच, मिलवाल्यांचे वीस, एकाचे बारा. बेरीज ११२ आली. दोनदा केली, तीच आली. एका टक्क्याला ६० हजार, म्हणजे १३ जणांकडूनच ६७ लाखांच्या वर. निर्मात्याचा स्वतःचा वाटा त्यात धरलेलाच नाही.

कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. मग मिलवाले म्हणाले, "भाऊ, हा पिच्चर चालला असता तं यानं काय केलं असतं?" तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. शंभराच्या वर वाटे विकणाऱ्याला सिनेमा चालून परवडतच नाही. चालला तर ११२ टक्के वाटायला आणणार कुठून? पडला की कोणी हिशोब मागत नाही, जो तो लाजेने घरात बसतो, जसा मी बसलो होतो. सकाळचा एकच शो मला आमचे दुर्दैव वाटला होता. आता तसे वाटत नाही.

म्हणून तुमच्याकडे कोणी असा कागद घेऊन आला तर त्याला एवढेच विचारा: आतापर्यंत किती टक्के विकले आणि कोणाला? ती यादी करारालाच जोडून मागा. आणि पैसे द्यायचेच असतील तर सिनेमाच्या नावाने काढलेल्या कंपनीच्या खात्यातच द्या.

मी एकटा पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा 'हा दिवाणी वाद आहे' असे ऐकून परत आलो. १३ जणांचे करार, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे निरोप आणि ते कॅलेंडर घेऊन गेलो तेव्हा तक्रार घेतली गेली आणि आर्थिक गुन्हे शाखेकडे गेली. तपास चालू आहे.

पाटीवरच्या १७ नावांपैकी चौघे अजून सापडलेले नाहीत. नागपूरच्या निर्मात्याला झाडीपट्टीवरच्या सिनेमासाठी पैसे दिलेले तुमच्या गावात कोणी असेल तर हे त्यांना वाचून दाखवा. त्यांचेही टक्के त्या तक्रारीत चढायला हवेत.