नेरळ–माथेरान मिनी ट्रेन: चढताना गाडी, उतरताना टॅक्सी

माथेरान एका दिवसात उरकायचं असेल, तर मिनी ट्रेनचं तिकीट एकाच बाजूचं काढावं. जाताना गाडी आणि येताना माथेरानहून जवळच्या अमन लॉज स्टेशनापर्यंतची शटल गाडी, मग मोटारी जिथपर्यंत येतात त्या दस्तुरी नाक्यावरून नेरळला टॅक्सी. हिशोब साधा आहे. नेरळहून वर जाणाऱ्या गाड्या सकाळीच सुटतात, पहिली नऊच्या आसपास आणि दुसरी साडेदहाच्या सुमारास. चढायला अडीच ते पावणेतीन तास लागतात. परतीच्या गाड्या माथेरानहून दुपारी पावणेतीन ते चारच्या दरम्यान निघतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी गाडीचा हट्ट धरला तर वर जेमतेम तीन-चार तास उरतात. त्यात जेवण आणि बाजारातून चालणं वजा केलं की एखादा पॉइंट धावतपळत होतो. वेळा अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी रेल्वेचं चालू वेळापत्रक बघावं.

‘विंटेज’ म्हणून जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. इथे जुना आहे तो मार्ग, डबे नव्हेत. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी हा मार्ग बांधला, पैसा वडिलांचा, म्हणजे सर आदमजी पीरभॉय यांचा. रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. सुरुवातीची वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेन्स्टाइन उंड कोपेल कंपनीची होती आणि त्यांच्या टोकाच्या आसांना थोडं वळता येत असे, कारण इतक्या आवळ वळणांवर साधं सहाचाकी इंजिन अडकलंच असतं. आज रोजच्या गाडीला डिझेल इंजिन असतं. धूर, कोळसा, शिट्टी या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होणार. वळणं आणि चढ मात्र शंभर वर्षांपूर्वीचेच आहेत, आणि पैसे त्यांचेच वसूल होतात.

चढ किती? सर्वांत तीव्र जागी वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. बोरघाटात हेच प्रमाण सदतीसास एक आहे आणि तिथे गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. इथे छोटं इंजिन मोजके डबे घेऊन हे करतं, म्हणून वेग सरळ तुकड्यावरही ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही आणि वळणांवर आणखी उतरतो. वळणावर चाकं जी किंचाळतात, तो बिघाड नव्हे. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, आणि हा फरक घसटत भरून निघतो. आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी कापसाचे बोळे न्यावेत, ही चेष्टा नाही.

तिकिटाचं गणित रविवारी बिघडतं. मिनी ट्रेनची खिडकी वेगळी असते आणि ती गाडीच्या साधारण पाऊणएक तास आधी उघडते, पण रांग त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते. डबे थोडे, त्यात लगेजचेही डबे, त्यामुळे जागा पटकन संपतात. मुंबईहून येताना कर्जत किंवा खोपोली लोकल पकडावी आणि गाडीच्या किमान दीड तास आधी नेरळला उतरावं. पुण्याकडच्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल धरावी, मध्ये फक्त भिवपुरी रोड लागतं. बहुतेक मेल-एक्सप्रेस नेरळला थांबत नाहीत, याचा विसर पडला की पहिली गाडी हमखास हुकते.

वर्ग कोणता घ्यावा? आमचं मत दुसऱ्या वर्गाच्या बाजूने. विस्टाडोमच्या, म्हणजे काचेच्या डब्याच्या, छतातून आकाश दिसतं, पण माथेरानच्या वाटेवर बघायचं असतं ते बाजूला आणि खाली. काच आली की फोटोत प्रतिबिंब येतं, आणि उन्हाळ्यात अकरानंतर काचेच्या छताखाली डोकं तापतं. दुसऱ्या वर्गात बाक अरुंद, गुडघ्याला गुडघा लागतो, पण खिडकी उघडी असते. दरी कोणत्या बाजूला, हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याला एक उत्तर नाही. घोड्याच्या नालेसारख्या वळणांमुळे बाजू बदलत राहतात. शेवटच्या डब्यात बसलात तर वळणाच्या आतल्या खिडकीतून आपलंच इंजिन समोरून जाताना दिसतं. वळणांनी मळमळणाऱ्यांनी डब्याच्या मधोमध, गाडीच्या दिशेने तोंड करून बसावं आणि नेरळला भरपेट नाश्ता टाळावा. गाडीत स्वच्छतागृह नाही, ते स्टेशनातच उरकून घ्यावं.

जुम्मापट्टी या पहिल्या स्टेशनापर्यंतचा भाग बरा, एवढंच. खरी गंमत त्यानंतर. भेकरा खुडपाशी चढ अंगावर येतो, मग माउंट बेरीला मोठा वळसा आणि त्यापुढे या मार्गावरचा एकुलता एक बोगदा. त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. नाव ऐकून मोठं काही डोळ्यांसमोर आणू नये, अंधार पडतो न पडतो तोच उजेड येतो. वॉटर पाइप स्टेशनानंतर कातळ फोडून काढलेल्या खिंडी आहेत आणि इथे मात्र सावध राहावं. दगडाची भिंत खिडकीच्या इतकी जवळून सरकते, की तिच्या फटीतलं शेवाळ आणि झिरपणारं पाणी स्पष्ट दिसतं. मोबाइल धरलेला हात बाहेर असेल तर तो आत ओढायलाही वेळ मिळत नाही. पुढे पॅनोरमा पॉइंटजवळ डोंगराची कड येते आणि खाली नेरळचा सपाट मुलूख पसरलेला दिसतो. पूर्ण तिकिटाची किंमत या टप्प्यातच भरून निघते.

मधल्या थांब्यांवर वडापाव मिळतो आणि माकडंही हजर असतात. खिडकीच्या कठड्यावर पुडा ठेवला की तो गेलाच. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा, त्यामुळे लाल धूळ सगळीकडे. पांढरे बूट घरी ठेवावेत. वाहनबंदीमुळे स्टेशनातून पुढे सगळं पायीच, नाहीतर घोडा किंवा ई-रिक्षा. नगरपरिषदेच्या प्रवेशकरासाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, साधारण जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. कारण उघड आहे: दरडी येतात आणि रुळांखालची खडी वाहून जाते. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग असा उखडला की तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९ मध्ये पुन्हा तेच झालं आणि नेरळहून गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये सुटली. ऑक्टोबरात जाणार असाल तर गाडी खरंच सुरू झाली आहे ना, याची खात्री करूनच निघा. अमन लॉज–माथेरान शटल मात्र पावसातही चालू ठेवतात.

परतीसाठी ही शटलच सोयीची. पाऊण दिवस फिरून झाल्यावर माथेरान स्टेशनवर या, वीसेक मिनिटांत अमन लॉज, तिथून दस्तुरी नाका चालत काही मिनिटांवर. शेअर टॅक्सी घाट उतरून अर्ध्या तासाच्या आत नेरळला सोडते. रविवारी पाचनंतर शटलची रांग लांबते, तेव्हा चारपर्यंत तिकीट हातात हवं. ते नाहीच मिळालं तर रुळांच्या कडेने दस्तुरीपर्यंत चालत जाता येतं. वाट जवळपास सपाट आणि सावलीची आहे, पाऊण तास धरावा. फक्त अंधार पडायच्या आत निघावं आणि बॅटरी जवळ ठेवावी.