पालकत्व कमिटीकडून घ्यावं की कोर्टातून मर्यादित? बहिणीसाठी दोन्ही केलं, त्यावरून

घरात अठरा ओलांडलेलं दिव्यांग माणूस आहे, आई-वडील थकलेत किंवा गेलेत, आणि आता कुठल्यातरी कागदासाठी "यांचा कायदेशीर पालक कोण" असं विचारलं गेलंय, अशांसाठी लिहितोय. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड हे तुमच्याकडे असणारच, त्यासाठी सिव्हिलच्या फेऱ्याही झाल्या असतील, म्हणून ते सगळं सोडून देतो. मी वकील नाही. धाकट्या बहिणीसाठी चार वर्षांत कलेक्टर ऑफिसची कमिटी आणि जिल्हा कोर्ट अशा दोन्ही वाटा चाललो, तेवढंच माझं ज्ञान.

बहीण अडतीस वर्षांची आहे. बौद्धिक अक्षमता आहे. चहा करते, पाहुण्याला पाणी देते, सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून घरापर्यंत एकटी चालत येते, नोटा रंगावरून ओळखते, आणि कोण गोड बोलून फसवतंय हे तिला आमच्याआधी कळतं. पण पाच लाख आणि पन्नास लाख यातला फरक तिच्या हिशोबात बसत नाही. घरात सगळे तिला बेबी म्हणतात.

वडील रेल्वेतून रिटायर झाले. ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन होती, आई गेली आणि ती पेन्शन बेबीच्या नावावर यायची होती, कारण असं मूल स्वतः कमवू शकत नसेल तर त्याला ती जन्मभर मिळते. पण द्यायची पालकामार्फत. इथं एक गोष्ट आधीच सांगतो, ज्यांचे आई-वडील अजून हयात आहेत त्यांनी ही पहिली करा. केंद्राच्या पेन्शनमध्ये पेन्शनर स्वतः किंवा त्याचा जोडीदार हयातीतच लिहून देऊ शकतो की आमच्या मागं या मुलाची पेन्शन अमुक माणसाकडं द्या. आमच्या आईनं ते केलं नव्हतं, आम्हाला कुणी सांगितलंच नाही, त्यामुळं पालकत्वाचं प्रमाणपत्र काढणं आलं.

मग कुणीही सांगतं तसं मलाही सांगितलं, कलेक्टर ऑफिसला जा, तिथं कमिटी असते. ही म्हणजे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची स्थानिक स्तर समिती, कलेक्टर अध्यक्ष, सोबत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गोष्टींसाठी. वकील लागत नाही, खर्च झेरॉक्स आणि रिक्षाचा. मला अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत चारेक महिने लागले. कमिटीपुढं बेबीला घेऊन गेलो होतो, तिला नाव विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं, माझ्याकडं बघून ती हसली, झालं. पेन्शनला हे प्रमाणपत्र चाललं. बँकेतही चालतं, रिझर्व्ह बँकेनंच बँकांना तसं सांगून ठेवलेलं आहे.

इथपर्यंत सगळं चांगलं. कमिटीच्या पालकावर जबाबदारीही आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नेमल्यापासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या नावावर काय काय आहे, देणं-घेणं काय, याची यादी द्यायची आणि पुढं दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा. मी एक दोनशे पानी वहीच केलीय, औषध, कपडे, दात काढला तो खर्च, सगळं तारखेनिशी. पालकानं हयगय केली किंवा पैसे खाल्ले तर नातेवाईक कमिटीकडं जाऊन त्याला काढायला लावू शकतात. हे असावंच असं माझं मत आहे, मी भाऊ आहे म्हणून माझ्यावर डोळे झाकून विश्वास का ठेवायचा?

मग अडलं कुठं, तर सहीपाशी.

बेबीला सही शिकवली आईनं. चार रेघी वहीत, रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर, दोन वर्षं. नावातला जोडाक्षराचा भाग तिला जमायचा नाही, तिथं ती पेन उचलायची, बोट मोजल्यासारखं करायची आणि परत टेकवायची, त्यामुळं तिच्या सहीत मधे एक बारीक फट आहे. आई असताना बँकेत तिचं साधं सेव्हिंग खातं होतं, आई शेजारी उभी राहायची आणि बेबी स्लिपवर सही करायची, पाचशे रुपये काढायची आणि पर्समध्ये ठेवून पर्सची चेन दोनदा बघायची. त्या दिवशी ती वेगळीच असायची.

मी प्रमाणपत्र जमा केलं आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघं गेलो. तिनं नेहमीसारखी स्लिप ओढली, सही केली, फट सोडून, आणि काउंटरवरच्या माणसानं ती स्लिप तिच्याकडं न बघता माझ्याकडं परत सरकवली आणि म्हणाला, आता यांची सही चालणार नाही, गार्डियनची लागेल, तुम्ही करा. बोलला सभ्यपणे, त्याच्या सिस्टीममध्ये तसंच आलं असणार. मी त्याच स्लिपवर तिची सही खोडून माझी केली. बेबीनं काहीच विचारलं नाही, घरी येताना रिक्षात फक्त म्हणाली, "माझी चुकली का?" आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर तिनं ती चार रेघी वही काढली नाही.

बघा, पैसे सुखरूप होते, पेन्शन वेळेवर येत होती, कागद पक्का होता. पण मी माझ्या हातानं एक गोष्ट काढून घेतली जी आईनं दोन वर्षं लावून दिली होती. माझ्यासाठी निर्णय तिथंच झाला, बाकीचे मुद्दे त्यानंतरचे.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की कायदा तसं म्हणतच नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की आधीच्या कुठल्याही कायद्याखाली नेमलेला पालक आता मर्यादित पालक म्हणूनच धरायचा. म्हणजे ज्या निर्णयासाठी गरज आहे तेवढ्यापुरता, ठरावीक काळासाठी, त्या व्यक्तीशी बोलून आणि तिच्या इच्छेप्रमाणे. कलम १३ म्हणतं की दिव्यांग माणसाला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे, आणि मदतीची व्यवस्था नको झाली तर ती बदलायचा, मोडायचासुद्धा हक्क त्याचाच आहे. हे आपण मनानं काढलेलं नाही, २००७ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली त्याच्या कलम १२ मधून आलेलं आहे. मी प्रिंट काढून शाखेत दाखवली. ऐकून घेतलं, वरती विचारतो म्हणाले. खातं अजून माझ्याच सहीवर चालतं. कागदावर काहीही असो, ते प्रमाणपत्र हातात पडलं की समोरचा माणूस तुमच्या माणसाशी बोलायचं थांबतो, हा माझा अनुभव. तुमच्या गावात, तुमच्या शाखेत वेगळं असेल तर चांगलंच आहे.

दुसरी वाट चालायची वेळ घरावरून आली. शुक्रवार पेठेतलं जुनं घर, वारस नोंदीत मी आणि बेबी दोघं. विकायचं ठरलं कारण पावसाळ्यात मागची भिंत खाली आली होती. एजंट म्हणाला, "कशाला कोर्टाच्या नादाला लागायलाव, मुखत्यारपत्र करा, अंगठा घ्या, रजिस्टर करून टाकू." हे मात्र कुणी करू नका, कळकळीनं सांगतो. मुखत्यारपत्र द्यायला देणाऱ्याला व्यवहार समजावा लागतो, आणि नुसतं तेवढंच नाही, करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्र तिथंच संपतं. म्हणजे ज्यांच्या वडिलांना विसरायला व्हायला लागलंय आणि ते आत्ताच मुखत्यारपत्र करून पुढची सोय झाली असं समजतात, त्यांनी नेमक्या गरजेच्या वेळी ते उपयोगाचं नाही हे लक्षात घ्यावं.

घेणाऱ्याच्या वकिलानं कमिटीच्या प्रमाणपत्रावर खरेदीखत करायला नकार दिला, कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाला. त्याचं चूक म्हणता येत नाही, कारण घरात माझाही हिस्सा होता. मीच विकणारा, मीच तिच्या वतीनं "हो" म्हणणारा. २०१६ च्या कायद्यातही आहे की पैशाच्या, मालमत्तेच्या व्यवहारात मदत करणाऱ्याचे आणि दिव्यांग व्यक्तीचे हितसंबंध आडवे येत असतील तर त्या व्यवहारापुरतं त्यानं बाजूला व्हायचं. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून आडवे येतात असं धरायचं नाही हेही तिथंच आहे, पण इथं तर एकच घर दोघांचं होतं. म्हणून आम्ही मामींना पुढं केलं. मामी शाळेतून रिटायर झालेल्या, जुळे सोलापुरात राहतात, घराशी त्यांचा काही संबंध नाही आणि बेबी त्यांचं ऐकते. जिल्हा कोर्टात अर्ज, फक्त या विक्रीपुरतं मर्यादित पालकत्व मामींना द्यावं.

वेळ लागला, अकरा महिने, त्यातले तीन माझ्याच अर्धवट कागदांमुळं. वकिलाची फी द्यावी लागली आणि ती कमिटीच्या झेरॉक्सच्या खर्चाच्या कितीतरी पट होती. दोनदा घेणारा मागं फिरेल की काय अशी वेळ आली. हे लपवून ठेवत नाही, ज्यांना पुढच्या महिन्यात पेन्शन सुरू व्हायला हवी त्यांना ही वाट परवडणार नाही.

पण एक दिवस सांगतो. कोर्टात जज्जसाहेबांनी तिला पुढं बोलावलं. फाईलमधून तिचं पूर्ण नाव वाचलं, आडनावासकट, आणि "बसा" म्हणाले. बेबीनं मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. मग बसली. तुमचं घर विकायचं म्हणतायत, तुम्हाला चालेल का? ती बराच वेळ बोलली नाही. मामी काही बोलायला गेल्या तर साहेबांनी हातानंच थांबवलं. मग बेबी म्हणाली, तुळशीचं काय करणार? तुळस नवीन घरी नेऊ म्हटल्यावर चालेल म्हणाली. पैसे कुणाकडं ठेवायचे विचारलं तर म्हणाली बँकेत, माझ्या. हे "माझ्या" लिहून घेतलं गेलं, ऑर्डरमध्ये अट पडली की तिच्या हिश्शाची रक्कम तिच्याच नावानं मुदत ठेवीत ठेवायची आणि पावती कोर्टात दाखवायची. विक्री झाली, पावती दाखवली, मामींचं काम तिथं संपलं. जन्मभराचं काही मागं राहिलं नाही.

त्यामुळं मला विचाराल तर, माणूस थोडंफार बोलतो, खुणेनं का होईना हो-नाही सांगतो, आवडनिवड आहे, तर आधी विचार करा की पालक खरंच लागतोय का. संयुक्त खातं, शेजारी बसून समजावून सांगणारं माणूस, एवढ्यावर पुष्कळ निभतं. आणि लागलाच तर जेवढ्या कामाला लागतो तेवढाच कोर्टातून घ्या, उशीर लागला तरी. मी आज परत सुरुवात केली तर पेन्शनपुरतं काय ते करून बाकी सगळं असंच करेन असं वाटतं.

कमिटीची वाट कुणासाठी, तर अक्कलकोट रोडला माझा मावसभाऊ आहे, बहुविकलांग, डोळ्याच्या हालचालीशिवाय काही नाही, मावशी बहात्तरची. तिथं रोजच कुणीतरी त्याच्या वतीनं सही करायला हवी, दर कामाला कोर्टात जाणं त्या माउलीला शक्य नाही, आणि मीच तिला कलेक्टर ऑफिसला घेऊन गेलो होतो. जिथं मदत वारंवार लागते तिथं पूर्ण आधाराची सोय २०१६ च्या कायद्यातही ठेवलेली आहे, पण तिला कमिटीच सोयीची पडली. नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे त्याच राष्ट्रीय न्यासाच्या, निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो, तोही तिनं तेव्हाच काढला.

आजार वेगळा असेल तर दोन्ही वाटा कदाचित तुमच्या नाहीत. मानसिक आजारात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे माणूस बरा असताना स्वतःच उपचारापुरता आपला प्रतिनिधी नेमून ठेवू शकतो. घरचं माणूस कोमात असेल तर सरळ हायकोर्टात जावं लागतं, आणि आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सोलापूर त्यातच येतं, म्हणजे मुंबईची फेरी तरी वाचली.

कोर्टाची वाट धरणार असाल तर अर्जातच लिहा की कुठला निर्णय, किती काळासाठी, आणि तुमच्या माणसाचं म्हणणं काय आहे, त्याच्या शब्दात. आमच्या पहिल्या अर्जात सगळीकडं "तिच्या हिताचे" होतं, "तिने सांगितले" कुठंच नव्हतं, मामींनी तो परत लिहायला लावला. आणि ऑर्डरच्या सर्टिफाईड कॉप्या पाच तरी काढून ठेवा. एक दुय्यम निबंधकाकडं जाते, एक बँकेत, एक घेणारा मागतो, एक घरात. पाचवी आमच्याकडं बेबीच्या पर्समध्ये आहे, चार घड्या घालून.